गाठ बघायची नाही

उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्यांत एक रीत असते. गच्चीवरच्या माणसाने दोराला गाठ मारली, की लटकणाऱ्याने ती बघायची नाही. बघितली तर ती शिवी समजतात. रंगारी अकरा वर्षं लटकत होता आणि गाठी मारायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. एवढ्या वर्षांत रंगाऱ्याने गाठीकडे मान वळवली नव्हती.

आज मात्र नजर राहून राहून तिकडे जाऊ बघत होती. कारण काल त्याने माती खाल्ली होती. नव्या कामावर प्रमुख कोणाला नेमू, असं मुकादमाने विचारलं, तेव्हा हा पटकन बोलून गेला, "मेहुण्याला नको. हात ढिले पडलेत त्याचे." साफ खोटं! रंगाऱ्याला ती जागा स्वतःलाच हवी होती. आणि आज सकाळपासून मेहुणा एक शब्द बोलला नव्हता. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा रंग वाळेपर्यंत चालायचा. आज धुळीसाठी बांधायचा रुमाल तोंडाला गुंडाळून नुसती मान हलवत होता.

मेहुण्याला कळलं, असं रंगाऱ्याच्या मनाने घेतलं. मुकादमाच्या पोटात काही राहतं का? आणि एकदा मनाने घेतलं, की मग काय विचारता! मेहुण्याने खाली बघितलं तर तो नजर चुकवत होता, वर बघितलं तर डाव रचत होता. गाठ बघावी, तर चोराच्या मनातलं चांदणं उघडं पडणार. रंगारी मुकाट्याने दोरांना टांगलेल्या झुल्याच्या फळीवर बसला, कमरेच्या पट्ट्याचा हूक पडल्यास वाचवणाऱ्या दुसऱ्या दोराला अडकवला आणि कठड्यापलीकडे गेला. त्या दोराची गाठही मेहुण्याचीच.

खालून दोर एकदा ओढला की वरच्याने खाली सोडायचं, दोनदा ओढला की थांबायचं. नवव्या मजल्यावर रंग भिंतीपेक्षा पँटवरच जास्त पडला. आठव्यावर दोर जरा उशिराने हलला. मुद्दाम! सातव्यावर फळी एका बाजूला कलली. ती नेहमीच कलते, पण आज त्याने दोन्ही हातांनी दोर धरला. खाली गाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. दोन मुली घरी आहेत, त्यांचं कसं होणार?

सहाव्या मजल्यावर फळीला धक्का बसला. ती वीतभर घसरली आणि थांबली.

संपलं सगळं! रंगाऱ्याने स्वतःच्या हाताने हूक सोडला आणि बाजूच्या खिडकीवरच्या हातभर सज्ज्यावर उडी टाकली. आगीतून उठून फुफाट्यात. आता त्याला कसलाच आधार नव्हता. भिंतीला चिकटून तो ओरडला, "मुकादमाला मी एवढंसं बोललो, त्यासाठी जीव घेतोस माझा? बहिणीच्या नवऱ्याचा?"

कठड्यावरून मेहुण्याचं डोकं दिसलं. रुमाल काढलेला, गाल टम्म सुजलेला.

"अहो भावोजी, हे काय केलंत! काल दाढ काढलीय मी. तोंड उघडलं की जीव जातो. कळ आली म्हणून हात जरा हलला. ताईला सांगितलं होतं की!"

ताईने सांगितलंही होतं, रात्री जेवताना. रंगारी तेव्हा मुकादमाशी झालेलं बोलणं डोक्यात घोळवत होता. त्याच्या कानापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

मेहुणा थांबला. "मुकादमाला काय बोललात?"

रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काय बोललात, भावोजी?"

"हात... ढिले पडलेत म्हणालो."

डोकं कठड्याआड गेलं. मघाशी रंगाऱ्याला वाटलेलं सगळं खोटं होतं. पण आता मेहुण्याला खरंच कळलं होतं, आणि दोर त्याच्याच हातात होते. खिडकी आतून बंद, घर रिकामं. रंगाऱ्याने तरी काच ठोठावली. किती वेळ गेला कोण जाणे.

मग दुसरा दोर हलत हलत त्याच्या हाताशी आला.

"आधी हूक लावा," वरून आवाज आला. "ताईसाठी उतरवतो. उद्यापासून दुसरा माणूस बघा."

रंगाऱ्याने हूक लावला, फळीवर बसला आणि दोर एकदा ओढला. अकरा वर्षं उतरवलं तसंच, एकही धक्का न देता, मेहुण्याने त्याला खाली सोडलं. पाय जमिनीला लागले, तरी रंगाऱ्याला फळीवरून उठवेना.