खाम आजोबांचा टोमॅटो

आमच्या दालात शहरात गल्लीगणिक एक टिश्यू कल्चरची खोली सापडेल. तुएतताईंची खोली शेवंतीसाठी नावाजलेली. मी तिथे बरण्यांत तुकड्यांपासून वाढणाऱ्या रोपांचं खाणं शिजवते: अगर, साखर, क्षार आणि नखभर संजीवक. एक संजीवक कोंब फोडतं, दुसरं मुळं. कमी पडलं तर रोप हटून बसतं, जास्त झालं तर माजतं.

खाम आजोबा ओल्या फडक्यात एक फांदी गुंडाळून घेऊन आले. मर रोगाने त्यांचा टोमॅटोचा वाफा फळं धरायच्या आत बसला होता आणि बियांचा डबा त्याआधीच उंदरांनी साफ केला होता. ही जात आजोबांनी आणि त्यांच्या बायकोने वर्षानुवर्षं निवडून घडवलेली. बायको गेली, आता टोमॅटोही चालला होता.

"एवढीच उरलीय, तुएत. खेकड्याच्या रश्शाला तिने दुसरा टोमॅटो कधी घातला नाही. जमेल ना?"

"आजोबा, मी शेवंतीची ढीगभर रोपं काढते. टोमॅटोचं काय घेऊन बसलात!"

पहिल्याच आठवड्यात फांदीच्या शेंड्याला बुरशी आली. उरले पानाचे तुकडे. शेंड्यातून आलेलं रोप हुबेहूब निघतं. पानावर आधी पेशींची गाठ धरते, आणि गाठीतून फुटलेलं रोप कधीकधी भलतंच निघतं. हे मी ताईंना सांगितलं.

"मग आता काय आजोबांना जाऊन घाबरवू? तू तुझा अगर ढवळ."

मी ढवळला. गाठी धरल्या. कोंबांचं संजीवक मिळताच काही गाठी हिरव्यागार फुटल्या, काही नुसत्याच फुगून बसल्या, एखाददुसरा कोंब कसाबसा वर काढून. ताईंनी नेहमीसारखीच निवड केली. शेवंतीत जी बरणी जोमाने फुटते ती पुढे जाते, रेंगाळते ती धुवायला.

"यातली एखादी राहू दे ना, ताई," मी म्हटलं.

"तोंड पाडून बसणाऱ्यांना पोसायला हा काय अनाथाश्रम आहे?"

दर वेळी नव्या बरणीत हलवताना तेच. शेवटी बरण्यांत नुसती दांडगी रोपं उरली. मुळांचं संजीवक दिलं, जाळीखाली उन्हाची सवय लावली, आणि आजोबा ती मांडीवर ठेवून रिक्षातून घेऊन गेले.

पहिली फळं पिकली तसं त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. फळ दिसायला तेच, तसंच पन्हळी पडलेलं. आजोबांनी फोड केली, मीठ लावलं आणि बराच वेळ चावत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचा आहे हा?"

"असं काय करताय! तुमचाच की!" ताई म्हणाल्या.

"आंबट नाही गं." त्यांनी दुसरी फोड घेतली, मग दुसऱ्या झाडाचं फळ कापलं, मग तिसऱ्याचं. "आणखी बरण्या असतील ना तुझ्याकडे?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच सांगितलं, "नाहीत, आजोबा. धुतल्या." मला त्या क्षणी ताईंचा भयंकर राग आला आणि स्वतःचाही. आजोबांनी मान हलवली आणि आमच्या वाटीत रस्सा वाढला.

शेजाऱ्यांना मात्र हा टोमॅटो भलताच आवडला. झाडाला लागतो भरपूर, ट्रकमध्ये फुटत नाही, पोरं साखर न लावता खातात. दोन हंगामांत अर्धी टेकडी त्याच्याखाली गेली. नाव आपोआपच पडलं, खाम आजोबांचा टोमॅटो. ताईंनी तर तशी पाटीच रंगवून दारावर लावली.

"निदान पाटीवरचं तुमचं नाव तरी काढायला सांगा," मी आजोबांना एकदा म्हटलं.

"कशाला? लोकांचं बरं चाललंय. उगाच कुणाच्या तोंडची चव कशाला घालवू?"

काल बाजारात ते माझ्या पुढेच उभे होते. भाजीवाली नवीन होती, त्यांना ओळखत नव्हती.

"घ्या, आजोबा, घ्या! अस्सल खाम आजोबांचा आहे. याच्या जवळपास जाणारा दुसरा दाखवा!"

"हो का? दे मग अर्धा किलो," आजोबा म्हणाले. "आणि थोडी चिंच दे. याने रस्सा आंबट होत नाही."