उजवीकडचं दार

मावशीला कुठेही घेऊन जायचं तर तासभर जादा धरून चालायचं, हे तिच्या भाच्याने कधीच ठरवून टाकलं होतं. गाडी लावायची जागा असो की दवाखान्यातली खिडकी, मावशी मध्येच थांबणार आणि शांतपणे विचारणार, "हे कुठल्या नियमात लिहिलंय?" मग समोरचा माणूस आधी हसायचा, मग चिडायचा, आणि शेवटी कपाटातून एखादी फाइल काढायचा.

मावशी सहासष्ट वर्षांची. तीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "जमलं नाही, आणि मीही फार जमवायला गेले नाही." गेली बारा वर्षं दर मंगळवारी ती नोंदणी कार्यालयाच्या बाहेर एक टेबल मांडून बसत होती. टेबलावर पुठ्ठा: 'अर्ज लिहून मिळतील. पैसे लागत नाहीत.' त्या टेबलामुळे दारातल्या तीन दलालांचा धंदा बसला. त्यातल्या एकाने एकदा टेबल उलथून टाकलं, तेव्हा मावशीने सांडलेले कागद गोळा करता करता त्याच्याच विरुद्ध अर्ज लिहिला आणि साक्षीदार म्हणून त्याच्याकडूनच सही मागितली. घरात ती गोष्ट अजून सांगतात.

तिची थोरली बहीण ताई, म्हणजे भाच्याची आई, बहात्तर वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा ती बोलली होती, की चालायला लागले की पहिली नदीकाठच्या महादेवाला जाईन. म्हणून एका रविवारी सकाळी भाच्याने दोघींना गाडीत बसवलं. ताईचे यजमान घरीच थांबले, पण निघताना खिडकीशी येऊन म्हणाले, "देवळाच्या मंडळाच्या सचिवांना सांगून ठेवलंय. उजवीकडच्या दाराशी जा, माझं नाव सांगा, पाच मिनिटांत दर्शन." आणि मग जरा खालच्या आवाजात भाच्याला, "मावशीला बोलू देऊ नकोस."

देऊळ काही फार मोठं नव्हतं. विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. पण रविवार होता, आणि रांग चपला ठेवायच्या खोलीला वळसा घालून वडाच्या झाडापर्यंत आली होती. उजवीकडे एक अरुंद दार. त्याच्या बाजूला खाकी शर्ट घातलेला, पांढऱ्या मिशांचा पहारेकरी फळीच्या बुटक्या बाकावर ऐसपैस बसला होता.

"चला," ताई म्हणाली.

"तुम्ही दोघं जा," मावशी म्हणाली. "मी रांगेतून येते."

ताई थांबली. "म्हणजे मी आता भ्रष्टाचारी झाले?"

"मी असं म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस, पण तुझं तोंड म्हणतं. बारा वर्षं बघतेय मी ते तोंड."

"आई, गुडघा..." भाचा म्हणाला.

"गुडघा माझा आहे. मीपण रांगेतच उभी राहणार. होऊ दे काय व्हायचं ते." आणि ताई काठी टेकत तरातरा वडाच्या झाडापाशी जाऊन उभी राहिली. या दोघी बहिणींत हट्टाची वाटणी अगदी समसमान झाली होती. फरक इतकाच, की एकीच्या हट्टाला लोक तत्त्व म्हणायचे आणि दुसरीच्या हट्टाला हट्ट.

वीस मिनिटांत रांग पंधरा पावलं सरकली. ताई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होती. मावशी तिच्या पायांकडे बघत होती. आपलं तत्त्व आपल्या पायांवर उभं असावं, बहिणीच्या गुडघ्यावर नव्हे, हे तिला कळत होतं.

त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, सोबत त्यांची सून. सून म्हणाली, "आजी, तुम्ही माझ्या पिशवीवर टेका जरा. आमच्या मामंजींची ही तिसरी खेप. दोनदा आलो, पण यांना उभं राहवेना, परत गेलो."

"उजवीकडच्या दाराने का नाही गेलात?" मावशीने विचारलं.

"तिथे ओळख लागते. आमची कुठली ओळख?"

मावशीने पदर खोचला. भाच्याने कपाळावर हात मारला आणि तिच्या मागोमाग निघाला.

"नमस्कार," मावशी पहारेकऱ्याला म्हणाली. "रांगेत दोन माणसं आहेत, त्यांना उभं राहवत नाही. त्यांना इथून सोडता येईल का?"

"कोणाकडून आलात?"

"घराकडून."

पहारेकऱ्याला विनोद आवडला नाही. "नाव सांगा. नावाशिवाय सोडत नाही."

"कोणाचं नाव?"

"ते तुम्हाला माहीत पाहिजे."

भाच्याच्या जिभेवर वडिलांचं नाव आलं होतं. एक शब्द, आणि आईचा त्रास संपला असता. मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तरी त्याने तो शब्द गिळला. "आणि हे," मावशीने विचारलं, "कुठल्या नियमात लिहिलंय?"

"वरून आदेश आहे."

"मग वर जाऊन विचारते," मावशी म्हणाली.

वर म्हणजे पाच पायऱ्या चढून देवळाचं ऑफिस. एक टेबल, घरघरणारा पंखा, कप्प्यांत कोंबलेल्या फायली आणि चष्मा डोक्यावर ठेवून चष्माच शोधणारे व्यवस्थापक. मावशीने त्यांना आधी चष्मा दाखवला, मग प्रश्न सांगितला.

"ओळख?" व्यवस्थापक गोंधळले. "ओळख कशाला? ते दार म्हाताऱ्या माणसांसाठीच ठेवलंय. सत्तरीच्या पुढचे, आजारी, उभं न राहू शकणारे, तान्ही मुलं घेतलेल्या बाया. मंडळाचा ठरावच आहे." त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात फाइल काढली आणि पान दाखवलं. चार वर्षांपूर्वीचा ठराव, खाली सचिवांची सही.

"मग लोकांना माहीत का नाही?"

"माहीत नसायला काय झालं? तिथे बोर्ड लावलाय ना. चांगला हातभर लांब, निळ्या अक्षरांचा."

"बोर्ड नाही," भाचा म्हणाला.

"असं कसं होईल?" व्यवस्थापक उठले. तिघे खाली आले. दाराच्या वर भिंतीत दोन खिळे होते, बोर्ड नव्हता. व्यवस्थापकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मावशीची नजर मात्र खाली गेली. पहारेकऱ्याच्या बाकाला दोन्हीकडे विटा होत्या आणि वर हातभर लांब फळी. फळीच्या खालच्या कडेला निळ्या रंगाचा ओघळ दिसत होता.

"काका," मावशी म्हणाली, "जरा उठता का?"

फळी उलटी केली. 'सत्तर वर्षांपुढील नागरिक, आजारी व्यक्ती व तान्ही मुले असलेल्या मातांसाठी थेट प्रवेश.'

भाच्याला हसू आवरेना, त्याने खोकल्याचं नाटक केलं. व्यवस्थापकांचा चेहरा लाल झाला. "अहो, तुम्ही इतके दिवस नियमावर बसून आहात?"

पहारेकऱ्याने फळीवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "भिंतीला रंग दिला तेव्हा काढला होता साहेब. परत कुणी लावला नाही, आणि मीपण आठवण केली नाही. पैसे नाही घेतले हो कुणाकडून, शपथेवर सांगतो. पण बोर्ड होता तेव्हा लोक वर वाचायचे आणि माझ्याकडे न बघताच आत जायचे. बोर्ड गेल्यावर विचारायला लागले. हात जोडायला लागले. तीस वर्षं दारावर उभा आहे, मला कोण हात जोडणार? सवय लागली."

व्यवस्थापक आणखी काही बोलणार होते, पण मावशी आधी बोलली. "तार आहे का इथे? आणि हातोडी?"

तार निघाली, हातोडी निघाली. भाच्याने खिळे पक्के केले. बोर्ड सरळ आहे की तिरका, हे लांब उभं राहून पहारेकऱ्यानेच सांगितलं. मग तो स्वतः रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि घसा खाकरून ओरडला, "सत्तरीच्या पुढचे, आजारी, लेकुरवाळ्या कोण आहेत? चला, या माझ्यासोबत!" एक नाही, दोन नाही, चौदा माणसं निघाली. कुणाच्या कंबरेला पट्टा, कुणाच्या कडेवर बाळ. सुनेसोबत आलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने स्वतः हात दिला. ते त्याला हात जोडू लागले तेव्हा तो म्हणाला, "मला नको, आत जोडा," पण बोलताना मिशीत हसला.

ताई आत जाताना मागे वळली. "तू?"

"मला चार वर्षं अवकाश आहे," मावशी म्हणाली आणि वडाच्या झाडाकडे परत गेली.

पुढचा तास ती रांगेत एकटी होती, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. हवेत गारवा होता. झाडातून ऊन ठिपक्या ठिपक्यांनी खाली येत होतं. तिला आंदोलनाचे दिवस आठवले. त्या वर्षी मोठ्या मैदानावर लोक भ्रष्टाचाराविरुद्ध बसले होते. ती जेवणाच्या सुट्टीत नुसतं बघायला गेली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. एकोणीस दिवस रोज गेली. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. वाटलं होतं, आता सगळं धुऊन निघेल. मग पुढाऱ्यांचं आपसांत बिनसलं. काही निवडणुकीला उभे राहिले, काहींनी त्यांना नावं ठेवली, एकजण तर ज्या खुर्चीविरुद्ध बोलायचा त्याच खुर्चीत जाऊन बसला. मांडववाल्याने सामान नेलं आणि मोडक्या पायाचं एक टेबल तिथेच टाकून दिलं. मावशीने ते रिक्षात घालून घरी आणलं, सुताराकडून पाय ठोकून घेतला. पुढे काय करायचं, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

पहिली दोन वर्षं ती फार रागात होती. झोपेतसुद्धा दात खायची, म्हणे. तो राग कधी उतरला ते तिला नेमकं आठवत होतं. एक बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी सात खेपा घालून टेबलाशी आली होती. रडली नाही, फक्त खुर्चीत बसून राहिली. मावशीने चार ओळींचा अर्ज लिहिला: दाखला किती दिवसांत द्यायचा असतो, तो देणारे अधिकारी कोण आणि उशीर का झाला. दाखला त्याच दुपारी मिळाला. बाई परत आली तेव्हा आभार वगैरे काही मानले नाहीत. म्हणाली, "चारच ओळी होत्या? मला शिकवा." पुढच्या मंगळवारी ती स्वतःची खुर्ची घेऊन आली. आता टेबल तीच चालवत होती, सोबत आणखी दोघी. मावशी एखाद्या मंगळवारी गेली नाही तरी काही अडत नसे. ऑफिसातली सगळी माणसं काही सुधारली नव्हती, दलाल दुसऱ्या इमारतीकडे सरकले होते. पण त्या एका खिडकीशी कुणी हात जोडत नव्हतं. मैदानावर असताना तिला हे फार थोडं वाटलं असतं. आज वाटलं नाही.

गाभाऱ्यात तिच्या वाट्याला दहा सेकंद आले. तिने काही मागितलं नाही. ओल्या दगडाचा वास नाकात भरून घेतला, डोकं टेकवलं आणि बाहेर आली.

ताई नदीच्या पायऱ्यांवर पाय लांब करून बसली होती. मावशी शेजारी टेकली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. यजमान होते. "काय, ओळख आली ना कामाला?"

"ओळख नाही आली," ताई म्हणाली, "वय आलं," आणि फोन ठेवून दिला.

दोघी हसल्या. हसणं थांबल्यावर ताई पाण्याकडे बघत म्हणाली, "याच्या लायसन्सच्या वेळी तू एक शब्द टाकला असतास तर झालं असतं. त्या लायसन्सच्या ऑफिसातलेसुद्धा तुला टरकून होते. पोरगा दोनदा नापास झाला. दोन महिने मी तुझ्याशी बोलले नाही."

"तीन," मावशी म्हणाली.

"तीन. पण आज घाटातून गाडी आणली ना त्याने, मी डोळे मिटून झोपले. त्याच्या बापाच्या गाडीत मी पापणीसुद्धा मिटत नाही." तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "हे तुला कधी सांगितलं नव्हतं."

मावशीने ताईचा गुडघा हळूहळू चेपायला घेतला. ताईने नको म्हटलं नाही.

खालच्या पायरीशी एक नाव लागली होती. नावाडी पलीकडच्या काठावर माणसं सोडायचा आणि आणायचा. "बसता का आजी?" त्याने विचारलं. "पलीकडे काही नाही बघायला, पण वारा छान आहे."

ताईला पाण्याची भीती होती, लहानपणापासून. मावशीने नकारच गृहीत धरला होता. पण ताई काठी टेकत उठली. "चल गं. पडले तर अर्ज कर."

भाचा वरून ओरडला, "आई, उशीर होईल!"

"होऊ दे," ताई म्हणाली. नावाड्याने हात दिला, दोघी एकाच फळीवर चिकटून बसल्या. नाव काठापासून सुटली तेव्हा ताईने मावशीचं मनगट घट्ट धरलं होतं. मधल्या धारेपर्यंत पकड सैल झाली, आणि पलीकडचा काठ येईस्तोवर ती पाण्यात बोटं बुडवून बसली होती.