सासूबाई उशीवर बसल्या

क्रिकेटचा वर्ल्ड कप आपण जिंकलो, त्याच्या पुढच्या मे महिन्यातली ही गोष्ट. लोक महाबळेश्वरला जात, माथेरानला जात. आम्ही बोरिवलीहून होडीत बसून गोराईला गेलो. दहिसरच्या माणसांनी गोराईला हवापालटाला जायचं म्हणजे स्वयंपाकघरातून उठून ओटीवर बसण्यासारखंच. पण हॉटेलात राहायची आमची ती पहिलीच वेळ होती. मी तर त्यासाठी नवी नायलॉनची साडी घेतली होती, जी समुद्राच्या वाऱ्यात एक क्षणही अंगावर नीट राहिली नाही.

सासरे गेल्यानंतर सासूबाई लालबागची चाळ सोडून आमच्याकडे दहिसरला आल्या, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चाळीतल्या ढेकणांशी त्यांनी जन्मभर लढाई केली होती. निघताना गाद्या, गोधड्या, लाकडी पलंग, सगळं तिथंच देऊन टाकलं. आमच्याकडे कोणी आलं की पाण्याच्या तांब्याबरोबर एक वाक्य ठरलेलं असे. "कापसाचो तुकडो म्हणान आणूक नाय मी. लालबागचो ढेकूण लालबागातच ऱ्हवलो." आलेल्या माणसानं पाणी पिऊन मान डोलवायची.

समोरच्या बिऱ्हाडातल्या रत्नप्रभेला हे वाक्य पाठ होतं. तिच्या नवऱ्यानं, राजारामनं, कुठूनसा जुना सोफा आणला होता आणि त्यातून त्यांच्या घरात ढेकूण झाले होते. झालं! तेव्हापासून रत्नप्रभा आमच्याकडे आली की सासूबाई तिला कॉटवर टेकू देत नसत. "तू आपली खुर्चीर बस गो, पत्र्याची आसा." रत्नप्रभा हसत पत्र्याच्या खुर्चीवर बसे, पण ते हसू मला काही फार गोड वाटत नसे.

गोराईला आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून निघालो होतो; माझी पोरं सुट्टीत आजोळी गेली होती. आदल्या दिवशी सासूबाईंनी वळकटी बांधायला काढली.

"आई, अगं, आपण हॉटेलात चाललोय, धर्मशाळेत नाही," हे म्हणाले.

"हॉटेलच्या गादीर कोण कोण निजान गेलो, देवाक ठावक. तू निज त्या गादीर. ढेकणाक सांग, मी हॉटेलात इलंय म्हणान!"

वळकटीत नवी सतरंजी होती, चादरी होत्या, आमच्या दोन उशा होत्या. आणि कोऱ्या पांढऱ्या अभ्र्यातली एक तिसरी, चांगली गुबगुबीत. ही कुठून आली, असं माझ्या मनात आलं. पण सासूबाईंना विचारणार कोण?

हॉटेल म्हणजे पाटीवर हॉटेल. नारळीखाली कौलारू खोल्यांची एक ओळ, पुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाशी समुद्र. चालवणाऱ्या फिलोमिनाबाई त्याच गावच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ह्या खोल्या बांधल्या होत्या आणि तो त्यांचा पहिलाच सीझन होता. खिडक्यांना लाल जास्वंदीच्या कापडाचे पडदे, स्वतः शिवलेले. त्यांनी मोठ्या हौसेनं खोली उघडून दाखवली.

"गाद्या होळीला पिंजून घेतल्यात, आजी. बघा, हात लावून बघा."

सासूबाईंनी हात लावला, आणि त्याच हातानं गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, शाळेत पोराला उभं करतात तशी. मग पलंगाच्या फळ्यांवर आपली सतरंजी अंथरली. फिलोमिनाबाई पडदा सारखा करून निघून गेल्या. रत्नप्रभेनं मात्र पलीकडच्या खोलीत हॉटेलच्याच गादीवर अंग टाकलं आणि तिथून ओरडून सांगितलं, "काकू, झकास आहे हो गादी!"

सकाळी उठलो तो आमच्या खोलीत खाजेची जत्रा. ह्यांच्या मानेवर गांधी, माझ्या कोपरांवर गांधी, सासूबाईंचे दोन्ही दंड लाल. तेवढ्यात रत्नप्रभा दात घासत घासत दारात आली.

"काय मस्त झोप लागली गं! अय्या, तुम्हाला काय झालं?"

"तुका नाय चावले?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! एकसुद्धा नाही."

"तुझी कातडीच जाड," असं म्हणून सासूबाई पदर खोचून अंगणात गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "अहो बाई! तुमच्या पलंगात ढेकूण आसत!"

फिलोमिनाबाई हातातली चहाची किटली घेऊनच धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आजी, हळू बोला हो. पहिलाच सीझन आहे माझा. गोराई केवढीशी ती! दुपारपर्यंत धक्क्यावर बोभाटा होईल, मग पुन्हा कोण चढेल माझी पायरी?"

"मगे मी काय खोटा सांगतंय? बघा हे दंड!"

"ढेकूण माझ्या खोलीत नाहीत."

"नायत? आता काढून दाखवतंय."

सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पलंगाचा एकेक सांधा कोरायला बसल्या. हे काम त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा केलं होतं, की आम्ही नुसतं बघत राहिलो. सांधे झाले, फळ्या उलट्या करून झाल्या, खिळ्यांची भोकं झाली. एक ढेकूण निघेल तर शपथ. फिलोमिनाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. मग सासूबाईंनी नाक वर केलं. ढेकणाचा वास त्यांना चार खोल्यांवरून येई. वास घेत घेत त्या पलंगाकडून सतरंजीकडे आल्या, सतरंजीकडून उशांकडे. पांढऱ्या अभ्र्यातली ती गुबगुबीत उशी उचलली, आमच्याकडे पाठ केली, अभ्रा थोडा मागे सारून आतल्या जुन्या खोळीची शिवण पाहिली.

आणि उशी खाली ठेवून तिच्यावर बसल्या.

आमच्या घरात उशीवर बसणं हा गुन्हा होता. माझी पोरं चुकून जरी टेकली तरी सासूबाई ओरडत, "उठ मेल्या, गळू होतला!" आणि आता त्या स्वतः मांडी घालून, पदर चारी बाजूंनी पसरून उशीवर बसल्या होत्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कौलांकडे पाहिलं.

"आई, चहा घेताय ना?" मी विचारलं.

"हयच आण."

"काकू, चला, वाळूवरून फिरून येऊ," रत्नप्रभा म्हणाली.

"माझे पाय दुखतत."

फिलोमिनाबाईंना ह्यातलं काही कळलं नाही. त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत आत आल्या, कोपऱ्यातली गादी खांद्यावर घेतली आणि फरफटत अंगणात नेली. जिच्यावर रात्रभर कोणी निजलंच नव्हतं, ती बिचारी गादी!

"अहो, हे काय करताय?" हे घाईनं म्हणाले.

"जाळते. आता ह्या गादीवर कोणाला निजवू? उद्या कोणी विचारलं तर सांगता येईल, होती ती जाळून टाकली." त्या आत जाऊन रॉकेलचा डबा आणि काडेपेटी घेऊन आल्या. डबा उघडताना त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले.

मी सासूबाईंकडे बघत होते. उघड्या दारातून त्यांना सगळं दिसत होतं. रत्नप्रभाही दाराला टेकून उभी होती आणि सासूबाईंना तीही दिसत होती. उठावं तर उशी उघडी पडणार, आणि उशी उघडी पडली की दहिसरला आमच्या जिन्यावरचं प्रत्येक दार उघडणार. बसून राहावं तर एका बाईची होळीला पिंजलेली गादी जाणार. सासूबाईंनी चहाचा एक घोट घेतला. डबा गादीवर वाकडा झाला.

"थांब गो बाय!"

सासूबाई उठल्या. उशी छातीशी धरून अंगणात आल्या.

"तुझे नायत ते ढेकूण. माझे आसत. ह्या उशीतले."

मग व्हायचं तेच झालं.

"अगंबाई, काकू!" रत्नप्रभा म्हणाली. "ढेकणांना समुद्र दाखवायला आणलंत होय? तरीच होडीत दाटी वाटत होती!"

राजाराम पलीकडच्या खोलीत हसला. मलाही हसू आलं, ते मी पदरात कोंबलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लालबागहून सगळा टाकलंय," त्या फिलोमिनाबाईंना म्हणाल्या, जणू बाकी आम्ही कोणी तिथं नव्हतोच. "ही तेवढी टाकवली नाय. आमच्या घोवाची. गावच्या सावरीचो कापूस, दोघांनी मिळान भरललो. ट्रंकेत ठेवललंय. हय हवा लागात म्हणान काढलंय."

म्हणजे बिचारे ढेकूणही इतके महिने ट्रंकेत उपाशी होते. आमच्यावर तुटून पडले त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

फिलोमिनाबाईंनी काडेपेटी कमरेला खोचली. उशी हातात घेऊन वर-खाली केली.

"माझ्या नवऱ्याची टोपी अजून खुंटीला आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात काय काय राहत असेल, मी काही बघायला जात नाही." आणि मग एकदम, "आजी, सावरी टाकायची नाही. खोळ तेवढी टाकू. चला, पाणी तापवते."

तो सबंध दिवस दोघी अंगणात होत्या. सावरी वाऱ्यावर उडू नये म्हणून मच्छरदाणीखाली बसून त्यांनी ती पसरली, उलटसुलट करून उन्हात तापवली. जुनी खोळ जाळली. सतरंजी, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या आणि मग जोर आलाच आहे म्हणून हॉटेलच्या बाकीच्या पलंगांवरही पाणी ओतलं. तिथं ढेकूण नव्हतेच, पण दोघींना थांबवणार कोण? आम्ही चौघं समुद्रावर जाऊन आलो, दुपारी झोपलो, पुन्हा जाऊन आलो. सासूबाईंनी त्या सहलीत समुद्र पाहिला तो पाठीमागे असलेला. पण रात्री जेवताना त्या जितकं बोलल्या, तितकं सासरे गेल्यापासून बोलल्या नव्हत्या. आणि झोपल्या हॉटेलच्या गादीवर.

परत येताना होडीत त्यांच्या मांडीवर उशी होती. फिलोमिनाबाईंनी पडद्याचं उरलेलं कापड काढून खोळ शिवून दिली होती, हाताएवढ्या लाल जास्वंदींची. अख्खी होडी तिच्याकडे बघत होती.

रत्नप्रभेनं कर्तव्य चोख बजावलं. आम्ही कुलूप काढेपर्यंत तळमजल्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली, पत्र्याच्या खुर्चीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि सरळ कॉटवर बसली. चांगली मधोमध. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला, नुसता तांब्या. मग कोपऱ्यातली जास्वंदीची उशी उचलून तिला दिली.

"पाठीक घे गो. नीट टेकून बस."

रत्नप्रभेनं उशी घेतली. टेकण्याआधी तिनं हळूच तिची शिवण एका बाजूनं पाहिली, उलटून दुसऱ्या बाजूनं पाहिली.

"बघ, बघ," सासूबाई म्हणाल्या. "चष्मो देव काय?"