लॉकमध्ये अडकलेली स्थळं

निंबा आणि शालिग्राम या दोघा भावांचं फाटलं, तेव्हा वाटून घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच. जळगावच्या घरात, पुढच्या खोलीत, एक कॉम्प्युटर होता. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, असलं मराठी छपाईचं काम त्यावर जुळवून प्रेसला जायचं. कॉम्प्युटर दोघांनी मिळून घेतलेला. मराठीचं सॉफ्टवेअर मात्र शालिग्रामच्या नावावर. धुळ्याला बिऱ्हाड हलवताना तो म्हणाला, "कॉम्प्युटर राहू द्या तुम्हाला." मग कॉम्प्युटरच्या मागे वाकून प्रिंटरच्या वायरीपाशी खोचलेला काडेपेटीएवढा तुकडा त्याने उपसला आणि खिशात टाकला.

निंबाला वाटलं, स्वस्तात सुटलो. त्याच्या बायकोचं, प्रमिलाचं, काळीज मात्र चरकलं. टायपिंग सगळं तीच करायची. त्या तुकड्याला लॉक म्हणत, आणि तो मागे नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, हे तिला ठाऊक होतं. टेम्पो गल्लीबाहेर पडला न पडला तोच तिने कॉम्प्युटर लावून बघितला. लॉक सापडत नाही, एवढंच वाक्य पडद्यावर आलं.

आणि आत काय अडकलं होतं? समाजाची वधू-वर सूची. चारशेच्या वर मुलंमुली. कोणी सावद्याची, कोणी पारोळ्याची. नाव, शिक्षण, मामाचं गाव, सगळं प्रमिलाने महिनाभर बसून टाइप केलेलं. मेळाव्याच्या दिवशी ते पुस्तक प्रत्येकाच्या हातात पडायचं होतं.

समाजाचे सेक्रेटरी लोटनआबा दुसऱ्याच दिवशी दारात उभे राहिले. "मेळावा तोंडवर शे, निंबा. पुस्तक कुठलोंग उनं?"

"होई जाई, आबा," निंबा म्हणाला. आबा गेल्यावर तो खाटेवर बसला. नवं सॉफ्टवेअर घेणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. शेवटी म्हणाला, "स्टेशनजवळ एक जण आहे. लॉक तोडून देतो. फ्लॉपीत घालून आणतो मी."

"आणि भाऊंना कळलं तर?"

कळणारच होतं. शालिग्रामने धुळ्याहून निरोप धाडला होता: माझ्या सॉफ्टवेअरवर माझ्यामागे एक ओळ जरी छापलीत, तरी पोलिसांत जाईन. पुस्तकाच्या मागच्या पानावर जुळवणी करणाऱ्याचं नाव असतं. लपवणार कुठे?

"मी धुळ्याला जाऊन येते," प्रमिला म्हणाली. "भाऊ माझं ऐकतील."

शालिग्रामने ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाला, "फायली इथे घेऊन ये. पुस्तक मी काढतो. माझ्या नावाने. पुढच्या वर्षीपासून समाजाचं काम माझ्याकडे, हेही निंबाने आबांना सांगायचं."

"भाऊ, टाइप मी केलंय."

"उघडणार माझ्याकडेच ना?"

प्रमिला उठली. ती स्टँडवर जळगावची गाडी शोधत होती, तोच मागून कोणी तिचा दंड धरला. मोठी जाऊ, शालिग्रामची बायको कुंदाबाई. घाईघाईत चालत आलेली, धाप लागलेली. तिने मूठ पुढे केली आणि प्रमिलाच्या हातात तो तुकडा कोंबला.

"हाई लई जाय. काम उरकाव, मंग परत दे. तेस्ले समजाव नही."

प्रमिलाची बोटं मिटली. याच गाडीने गेलं, तर संध्याकाळी फायली उघडल्या असत्या. पुस्तक वेळेवर निघालं असतं. पण शालिग्रामला घरात एक चमचा जागेवर नसला तरी चालत नसे, हे ती एकत्र राहून पाहत आली होती. पहिला जाब कुंदाबाईलाच विचारला गेला असता. तिला कुंदाबाईच्या मनगटावरच्या जुन्या डागाकडे बघवेना.

"नको, अक्का. तुमच्यावर येईल सगळं." तिने तुकडा परत दिला. "पळा. ते बघायच्या आत जागेवर ठेवा."

कुंदाबाई डोळे पुसत वळली. गाडी लागली होती, तरी प्रमिला चढली नाही. तिला सोनवणे सर आठवले. इथल्याच कॉलेजात शिकवणारे. त्यांच्या कॉलेजच्या स्मरणिकेचं काम जळगावला प्रमिलाकडेच झालं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, लॉकशिवायही मराठी छापता येतं. तेव्हा कोणी मनावर घेतलं नव्हतं.

सर घरीच सापडले. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, एका मासिकाच्या सीडीवर आलेलं, आणि त्यात टेक नावाचं छपाईचं सॉफ्टवेअर. त्यांनी इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाइप केली, आणि प्रिंटरमधून तीच ओळ मराठीत बाहेर आली.

"बनवणाऱ्यांनी हे सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. कॉपी करा, दुसऱ्याला द्या, आत उघडून बघा, कोणी अडवणार नाही," सर म्हणाले. "पण अडलात तर फोन करायला कंपनीही नाही. आणि तुमच्या जुन्या फायली यात यायच्या नाहीत. पुन्हा सगळं टाइप करावं लागेल."

"पडद्यावर मराठी दिसणार नाही?"

"नाही. छापल्यावरच दिसेल."

मुलामुलींचे चारशेच्या वर फॉर्म पुन्हा टाइप करायचे, हा हिशेब प्रमिलाने मनात मांडला. तरी तिने होकार दिला.

रविवारी सरांनी जळगावला येऊन सगळं बसवून दिलं. निंबा भिंतीला टेकून बघत राहिला. सर गेल्यावर त्याचा स्फोट झाला. "फुकटचं कोण देतं गं? उद्या बंद पडलं तर आबांना काय तोंड दाखवू? स्टेशनवरचा तो अजून तयार आहे!"

"त्याला आणलंत, तर टाइप तुम्हीच करा," प्रमिला म्हणाली आणि फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

पहिले दोन दिवस नुसती कुतरओढ. एक कंस राहिला की पानच्या पान अडायचं. पडद्यावर इंग्रजीत तक्रारींची रांग. चूक कुठे, हे हुडकण्यात सकाळ जायची. त्यातच वीज जायची. लोटनआबा रोज दुपारी यायचे, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघायचे आणि घाम पुसायचे. "बेटा, हाई मराठी शे का?" प्रमिला मान हलवायची, पण तिचा स्वतःचाच विश्वास डळमळत होता. तिसऱ्या दिवशी निंबा शेजारी येऊन बसला आणि फॉर्म वाचून दाखवू लागला. मग कामाला वेग आला.

पुस्तकं प्रेसमधून आली ती मेळाव्याच्या सकाळीच, शाईचा वास येणारी. मंडपात वाटप सुरू झालं, आणि प्रमिलाला गर्दीत शालिग्राम दिसला. तो सरळ व्यासपीठापाशी गेला.

"आबा, हे चोरीचं काम आहे. सॉफ्टवेअर माझं. माझ्याशिवाय ही सूची निघूच शकत नाही."

माणसं गोळा झाली. निंबाने मुठी आवळल्या. प्रमिला दोघांच्या मधे गेली, टेबलावरचं पुस्तक उचलून तिने शालिग्रामपुढे धरलं.

"भाऊ, अक्षर बघा. तुम्ही जन्मभर हेच काम केलंय. हे तुमच्या सॉफ्टवेअरचं अक्षर आहे का?"

शालिग्रामने पान उलटलं. ल आणि श हिंदी पुस्तकांतल्यासारखे, वेलांट्यांची धाटणी निराळी. दुसरं पान उलटलं. हे आपल्या सॉफ्टवेअरचं काम नाही, हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

"कुठून आणलं?"

"सोनवणे सरांकडून. तुम्हालाही देतील."

तो पुस्तक टेबलावर ठेवून मंडपाबाहेर पडला. निंबा दोन पावलं त्याच्यामागे गेला आणि थांबला.

तेवढ्यात जामनेरचे एक गृहस्थ तावातावाने आले. त्यांची मुलगी बी.एस्सी. होती. पुस्तकात शिक्षणाच्या जागी कोणालाही वाचता न येणारी दोन जोडाक्षरं छापली होती. प्रमिलाला लगेच उमगलं: डिग्री इंग्रजीत टाइप केली होती, तिचंही मराठी झालं होतं. आणि डिग्र्या तर पानापानावर होत्या.

"आबा, शुद्धिपत्र काढावं लागेल," ती म्हणाली.

लोटनआबांनी कपाळावर हात मारला. निंबा मात्र खुर्चीच्या पाठीवरची पिशवी खांद्याला लावून उभा राहिला. "चल घरी," तो म्हणाला, "वीज आहे तोवर बसू. मी वाचतो."