मागे उभं राहायची पाच मिनिटं

...विमान-नियंत्रण कक्षातल्या त्याच्या टेबलावर, दर विमानामागे एक अशा कागदी पट्ट्यांमध्ये, ती एक पट्टी सरळच होती. रोखून धरलेल्या विमानाची पट्टी जरा तिरकी सरकवायची, म्हणजे खुर्चीत नव्याने बसणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी बाकी आहे — ही सवय त्यानेच तिला लावली होती, नऊ वर्षांपूर्वी, ती शिकायला आली तेव्हा, रागावून, एकदा तर तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत... आणि आज सकाळी नोटीस बोर्डावर तिचं नाव. प्रशिक्षणप्रमुख! त्याचं नव्हे, तिचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्याचा नुसता जळफळाट झाला.

"हं, सांगा सर," त्याच्याकडून पाळी घ्यायला ती शेजारी येऊन बसली.

रडारच्या पडद्यावर सात ठिपके होते, सात विमानं. कोण चढतंय, कोण उतरतंय, सहा त्याने नीट सांगितले. सातवं — वरून दुसरं आडवं जाणार म्हणून त्याने चौदा हजार फुटांवर थांबवलेलं — त्याबद्दल तो म्हणाला, "याला वर जायचंय." एवढंच.

"आणखी काही?"

"नाही."

हेडफोन काढून, खुर्ची तिला देऊन तो तिच्या मागे उभा राहिला. नियमच तसा, नव्या माणसाच्या डोक्यात आकाशाचं चित्र बसेपर्यंत जुन्याने पाच मिनिटं पाठीशी राहायचं. आणि तिथून त्याला त्या सातव्याची ती सरळ पट्टी दिसली. विसरलो मी? छे, बावीस वर्षांत कधी... मग मुद्दाम? मी? अरे, बोल की लेका! पण तोंड उघडेना, कारण आत कोणीतरी अगदी शांतपणे म्हणत होतं — बघू तर खरं, मोठी प्रशिक्षणप्रमुख!

स्पीकरवर सातव्याच्या वैमानिकाने विचारलं, वर जाऊ का? तिने बटणावर बोट ठेवलं. एक... दोन... तीन...

"थांबा," ती म्हणाली, "वरून एक आडवं जातंय. ते जाऊ दे." बोलता बोलता तिने पट्टी तिरकी केली.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. तो मनातल्या मनात चरफडला.

"सर, हे राहिलंच की सांगायचं!" पडद्यावरची नजर न काढता ती हसली. "पण मी चुकले असते तर तुम्ही ओरडला असताच म्हणा. तुम्ही मागे असलात की मी कशी निर्धास्त असते."

"हो ना," तो म्हणाला.

पाच मिनिटं केव्हाच संपली होती. तिच्या पदाचं आता त्याला काहीच वाटेना. हेवा वाटत होता तो तिच्या सैल सोडलेल्या खांद्यांचा. उद्या खुर्चीत तो बसेल आणि मागे ती उभी असेल... आणि त्याचं काही चुकलंच तर ती त्याच क्षणी बोलेल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तेच त्याला सहन होत नव्हतं.