पलीकडच्या सासवा

ताहिराने हातातले सोडे, निवडायला घेतलेली सुकी कोळंबी, ताटात टाकले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एसीच्या घरघरीत आणि खालच्या बसच्या हॉर्नमध्ये गावाकडच्या निवडणुकीतल्या उमेदवार शलाकाताईंचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. खाडीवरच्या पुलाचे खांब कुठे घ्यायचे, गाळ किती खोल आहे, परवानगी कुठे अडली आहे, हे त्या कागदात बघून सांगत होत्या. चष्मा सारखा नाकावर घसरत होता.

"ही बाई झोपवणार," तिचा मुलगा अहमद म्हणाला. कुवेतमधल्या फरवानियातलं दुकान नोकरावर सोडून तो नुकताच घरी आला होता.

"ऐक जरा. खैरूच्या कामाचं आहे."

खैरून, तिची धाकटी बहीण, गावीच होती. डायलिसिसचं मशीन खाडीपलीकडे, तालुक्याला. ओहोटीला होडी गाळात रुतते, मग रिक्षाने डोंगराला वळसा. त्या वळशात ती एकदा बेशुद्ध पडली होती. उद्या तिला पुन्हा जायचं होतं. इथून ताहिराला मत देता येत नव्हतं. हातात होता तो फोन.

निवेदकाने पुलाचा तोच प्रश्न समोरच्या उमेदवाराला, प्रतापरावांना विचारला. त्यांच्यासमोर कागद नव्हता. ते खुर्चीत मागे रेलले.

"पूल उद्या बांधतो. पण आधी इथल्या सुनांना विचारा."

ताहिराचा हात थांबला.

"पूल झाला की पलीकडच्या सासवा रोज येतील," ती टीव्हीच्या आधीच म्हणाली. "भरती-ओहोटी आहे म्हणून घरं टिकलीत."

प्रतापराव तेच बोलले, शब्दाला शब्द. निवेदक हातातलं पेन ठेवून हसला. स्वयंपाकघराच्या दारात सून शाझियाने तोंडावर ओढणी धरली.

"तुझी सासू तर समुद्र ओलांडून आली," अहमद तिला म्हणाला. मग आईकडे वळला. "अम्मी, तू आधी पाहिलंस काय हे?"

"याच्या बापाकडून ऐकलंय. बंदरावर ट्रकवर उभा राहून बोलला होता. तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा."

"म्हणजे खानदानी जोक," अहमद म्हणाला आणि पुन्हा हसला.

शलाकाताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जाहिराती लागल्या.

ताहिराने हात पुसून गावी फोन लावला. पलीकडून आधी हसूच ऐकू आलं.

"आपा, बघितलंस? मेला काय बोलला."

"बघितलं. मत कुणाला देणार?"

"त्यालाच. घरात सगळी त्यालाच म्हणतायत."

"त्याच्या बापानेही हेच सांगितलं होतं. तू माझ्या बाजूलाच बसली होतीस. कुठे आहे पूल?"

"आठवतं ना. अब्बा इतके हसले की टोपी पडली. तूच उचलून झटकलीस."

"खैरू, त्या बाईने खांब कुठे बसणार तेसुद्धा सांगितलं."

"सांगितलं असेल. मला नाही कळलं. त्या मशीनवर पडून असते ना, तिथे कुणी हसवत नाही गं."

"हसायला मत देतात? उद्या गाळात अडकलीस तर तो येणार आहे उचलायला?"

ताहिराचा आवाज चढला होता. शाझियाने पुढे येऊन टीव्ही बारीक केला.

"ती तरी येणार आहे का?" खैरून म्हणाली. "रागावू नको. बापाने शेवटी आणखी काही म्हटलं होतं बघ. पोराला ते जमलं नाही. काय होतं ते?"

ताहिराला ते पाठ होतं. तिने ताट उगाच पुढे सरकवलं, परत ओढलं.

"सांग ना, आपा."

"म्हणाला," ताहिराने नकळत त्या माणसासारखा हेल काढला, "माझी स्वतःची सासू पलीकडेच राहते. आता पुलाची फाईल कुठे अडकली, ते तुम्हीच ओळखा."

खैरून हसली. हसता हसता तिला ठसका लागला, फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. ताहिरा कान लावून बसली. बऱ्याच वेळाने खैरूनने फोन उचलला.

"उद्या होडी किती वाजता?" ताहिराने विचारलं.

"ते पाण्यावर आहे." तिच्या आवाजात अजून हसू होतं. "आपा, ते फाईलचं परत सांग ना."

ताहिराने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.