झोळीतला मोबाईल

मी योगिनीचा मोबाईल. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात. आज जरा माझंही ऐका.

रणजीतने मला बायकोसाठी रहाटणीच्या दुकानातून आणलं. तो चाकणच्या एका कंपनीत. तिथे त्याचा फोन गेटवरच जमा होतो, मिळतो तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. ती एक रिंग चुकू नये म्हणून योगिनीने मला हातातून कधी सोडलंच नाही.

मग गणराज झाला. साडीच्या झोळीत त्याच्या उशाशी मलाही जागा मिळाली. मी अंगाई म्हणायचो, ती कुकर लावायची. घास भरवतानाही समोर मीच. तोंड आपोआप उघडायचं. खोटं कशाला बोलू, मला मोठेपणा वाटायचा.

एकदा तिने वाचलं, मोबाईलच्या लहरींनी म्हणे मेंदूला त्रास होतो. झालं! मग रोज तेच शोधायची. कुठे? माझ्यातच! कुशीत बाळ, हातात मी. माझी पाठ तापायची, तिची मान अवघडायची.

"आई, मी उगाच घाबरते का हो?" तिने सासूबाईंना विचारलं.

छबूबाईंनी काजळाची डबी उघडली. बाळाच्या गालाला तीट लावली आणि तेच बोट माझ्या पाठीवर टेकवलं. "ह्याचीच नजर लागतीया पोराला. आन् तुझी तर ह्याच्यावरनं हटतच न्हाई!"

योगिनी हसली. "गणू!" घास पुढे करत तिने हाक मारली. त्याने पाहिलं नाही. पुन्हा मारली. नाहीच. तेवढ्यात मी वाजलो आणि तो गर्रकन वळला, खुदकन हसला. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

थेरगावच्या डॉक्टरांनी कान तपासले. ठणठणीत. "लहरींचं अजून पक्कं काही सांगता येत नाही, ताई. पण बाळ चेहरा बघून शिकतं. जेवताना त्याच्यासमोर कोण असतं?"

पर्समध्ये मला तोंड लपवायला जागा होती, तिला नव्हती.

आता मी फ्रिजवर असतो. पाठीवरची तीट तशीच आहे. अंगाई योगिनी स्वतःच म्हणते, अर्धे शब्द विसरून.

काल दुपारी रणजीतचा फोन आला. गणराजची मान लगेच वर, माझ्याकडे. योगिनी धावत आली. मला वाटलं, घेणार. तिने बटण दाबून मला गप्प केलं, पालथं ठेवलं, खाली बसली आणि हाक मारली, "गणू."

पालथा पडल्यामुळे मला काही दिसलं नाही. तिचं रडत रडत हसणं तेवढं ऐकू आलं.

मला स्वतःहून गप्प बसता येत नाही हो. तेवढं तुम्हीच करत जा.